बसता येतं का?

मु. कोपर, पोस्ट डोंबिवली
१२ नोव्हेंबर १९५१

गुणाजीस राघो केणेचा रामराम.

तुझं कार्ड पोचलं. तू ठाण्यात अपंग सैनिकांच्या पुनर्वसन समितीत कारकून लागलास, हे मी आईला वाचून दाखवलं. तर ती विचारते, "त्यो उजवा हात नसलेला? मंग लिवतंय कसा?" मी कार्ड तिच्यापुढे धरलं. तिला वाचता येत नाही, पण तुझी डावीकडे कललेली अक्षरं निरखून म्हणाली, "सगली वाकरी हायेत, पन परली नाय एकपन." आवडाबाईचं, म्हणजे आमच्या आईचं, सर्टिफिकेट मिळालं, आता तुला बढती नक्की.

पुण्याच्या वॉर्डातला पहिला दिवस आठवतो का? तू विचारलंस कुठला, मी म्हटलं कोपरचा. तू तो बांधलेला खांदा उचलून म्हणालास, "लेका, माझं कोपरच कापलं, नि शेजारी खाट कुणाची, तर कोपरवाल्याची!" हसून दोघांचे टाके ताणले गेले आणि नर्सबाईच्या शिव्या खाल्ल्या. काश्मिरातून परत आल्यावर मी पहिल्यांदा हसलो तो तेव्हा.

आता कामाचं. तुमच्या समितीने मला कागद पाठवला, 'पुनर्वसनाकामी तपासणीसाठी कल्याण येथे हजर राहावे.' आमच्या कल्याणात पुनर्वसन म्हटलं की शेंबडं पोरही कॅम्पाकडे बोट दाखवतं. तिथे लष्कराच्या जुन्या बराकीत सिंधी निर्वासितांची कचेरी आहे. मी सकाळपासून तिथल्या रांगेत उभा. माझी पाळी आली. कारकून म्हणाला, "कहाँ से आये हो?" मी म्हटलं, "कोपर." तो म्हणाला, "सिंध में कहाँ पड़ता है?" मी म्हटलं, "सिंध में नहीं, डोंबिवली के बाजू में." बिचाऱ्याने तीन रजिस्टरं चाळली. मी पायाची पँट वर करून लाकूड दाखवलं, तर त्याला वाटलं दंगलीत गेला. एका सिंधी म्हातारीने आपली चादर जमिनीवर पसरून मला म्हटलं, "बैठो ना, बेटा." आणि गुणाजी, मला बसता आलं नाही. चार तास मी तिच्या चादरीशेजारी उभा होतो.

तुमची तपासणी त्या वेळी म्हणे शाळेत चालू होती. मला गैरहजर लावलंय. ते नीट करून दे.

आणि खरी गोष्ट ही, की मला तो गुडघा बदलून हवा आहे. खुर्चीत बसण्यापुरता तो मागे दुमडतो, पण पाय आडवा वळत नाही, म्हणून मांडी घालता येत नाही. तुळसाचं लग्न वैशाखात ठरलंय. बाबा नाहीत, तेव्हा बहिणीचं कन्यादान मी आणि माझ्या बायकोने, रखमाने, करायचं. ते पाटावर बसून करायचं असतं. नाथाकाका आत्तापासून म्हणतोय, "उभ्यान कन्यादान होत नाय, मीच बसतंय." मी त्याला सांगितलंय की पाटावर मीच बसणार. आता तो पाय तेवढा बसवून दे.

रविवारी जेवायला ये. ठाण्याहून डोंबिवली किती लांब? आईने खाडीची कोळंबी घेऊन ठेवायची म्हटलंय.

तुझा
राघो

०

चरई, ठाणे
२० नोव्हेंबर १९५१

प्रिय राघोस रामराम.

तुझं पत्र वाचून मी कचेरीत एकटाच हसलो, तेव्हा हेडक्लार्कने चष्म्यावरून पाहिलं. आमच्या समितीच्या मेजरसाहेबांना सांगितलं, तर तेही हसले, पण लगेच म्हणाले, "शब्दाचा घोटाळा आहे, पुढच्या कागदावर कचेरीचा पत्ता घालत जा." तुझी गैरहजेरी काढून टाकली आहे.

आता माझं काम समजून घे. दिल्लीहून हुकूम आहे की लढाईत जायबंदी झालेल्या प्रत्येक सैनिकाचं कार्ड तयार करायचं. गावोगावची कार्डं जमली की त्यावरून अख्ख्या देशाची व्यवस्था उभी राहणार. कुठे पाय बनवायचे, कुठे शिक्षण द्यायचं, कुणाला काय काम लावायचं. आजवर असं कुणी केलेलं नाही. आपण वॉर्डात पडल्या पडल्या म्हणायचो ना, की घरी गेल्यावर आपली आठवण कोण ठेवणार? ही आठवण ठेवायची सोय आहे, राघो. म्हणून हे काम मला आवडतं.

सोबत तुझा फॉर्म आहे. सात प्रश्न आहेत. उभे राहता येते का, आधाराशिवाय चालता येते का, जिना चढता येतो का, मोटारीत वा गाडीत चढता येते का, खुर्चीत बसता-उठता येते का, पाय रोज वापरता का, काम करता येते का. शहाण्यासारखा सगळीकडे 'होय' लिही. 'होय' जास्त असले की माणूस पुढच्या शिक्षणाला लवकर लागतो. गुडघ्याचं मग मागाहून बघू.

रविवारी येणं जमणार नाही. कामाचा ढीग आहे. आईंना नमस्कार सांग.

तुझा
गुणाजी

०

कोपर
२ डिसेंबर १९५१

गुणाजीस रामराम.

फॉर्म मी चुलीपाशी आईला वाचून दाखवला. ती भाकरी थापत होती. मी एकेक प्रश्न वाचतोय, ती 'हूं' म्हणतेय. सातवा झाल्यावर म्हणाली, "आनि बसाला जमतंय का, त्या इचारलाच नाय?" मी कागद उलटून पाहिला. पाठ कोरी होती.

गुणाजी, तूच सांग. आमच्या घरात खुर्ची एक, ती मास्तर आले की त्यांच्यासाठी. आम्ही जेवतो जमिनीवर. आई चुलीपुढे, रखमा पाट्यापुढे, मी मिठागरावर गेलो तर मिठाच्या वाफ्यापाशी उकिडवा. परसाकडे जायचं तर बसूनच. पाहुणा आला की आपण म्हणतो 'बसा', 'उभे राहा' म्हणतो का? भजनाला बसतो, पंचात बसतो, लग्नाला बसतो. दिवसाचे बारा तास माणूस बसलेला, आणि तुमच्या सात प्रश्नांत तो सबंध वेळ नुसता उभाच! बसतो तेव्हा खुर्चीत. हे प्रश्न काढणारा माणूस जेवतो कुठे?

सहाव्या प्रश्नाला मी 'नाही' लिहिलंय, कारण खोटं लिहिणार नाही. हा पाय मी गावाबाहेर जाताना लावतो. घरात तो दारामागे उभा असतो आणि मी कुबडीवर. आणि खाली मी माझ्या हाताने आठवा प्रश्न घातला आहे. 'जमिनीवर बसता येते का?' उत्तर, 'नाही.' हा प्रश्न वाचल्याशिवाय माझं कार्ड बनवू नका म्हणावं.

येत्या रविवारी तरी ये. मागल्या वेळी आई कोळंबी घेऊन वाट बघत बसली. मी तिला बसता येतं म्हणून चिडवलं तर पळी फेकून मारली.

राघो

०

ठाणे
१० जानेवारी १९५२

प्रिय राघो,

तुझा फॉर्म मेजरसाहेबांच्या टेबलावर गेला आणि परत आला. छापील फॉर्मात अर्जदाराने स्वतःचा मजकूर घालायचा नसतो. तुझ्यासाठी नवा कोरा फॉर्म पाठवतो आहे. कृपा करून या खेपेला सातच प्रश्न भर.

मी साहेबांना तुझं म्हणणं सांगून पाहिलं. ते वाईट नाहीत, राघो. ब्रह्मदेशात त्यांनी आपल्या माणसांना पाठीवर वाहून आणलंय. ते म्हणाले, "आपली योजना उभ्या देशासाठी आहे. एकेका गावाच्या सवयीप्रमाणे पाय बनवत बसलो तर शंभर वर्षं लागतील. आपलं ब्रीद एकच, सैनिकाला स्वतःच्या पायावर उभं करायचं. बसायचं तेव्हा पाय काढून ठेवायला काय हरकत आहे?"

मलाही ते पटलं. पट्टे सोडायला किती वेळ लागतो? लग्नात पाय काढून पाटावर बस, विधी झाले की परत लाव. त्यासाठी एवढं भांडण कशाला? तुझं कार्ड अडकून राहिलं तर पुढे दुसरा पायसुद्धा मिळणार नाही.

संक्रांतीला येत नाही. सर्दी आहे. तीळगूळ पाकिटात घातला आहे, तो चुरला असेल तर रागावू नकोस.

गुणाजी

०

कोपर
३ फेब्रुवारी १९५२

गुणाजी शेलार, कारकून, यांस रामराम.

देश उभा आहे, मान्य. पण जेवायला बसतो की नाही?

तुमच्या साहेबांना विचार, ते सभेत जाताना पाय काढून दाराशी ठेवतात का, जोड्यासारखा? भर मांडवात, दोन्हीकडच्या माणसांसमोर मी धोतर वर करून पट्टे सोडायचे, पाय भिंतीला टेकवून ठेवायचा, एका पायावर उड्या मारत पाटाशी जायचं, नि रखमाने मला धरून खाली ठेवायचं. आणि माझी बहीण तिच्या लग्नात ते बघत राहणार. मी सुरुंगावर पाय दिला तो सरकारने दिलेल्या हुकमाने. मग सरकारने दिलेल्या पायाने मला माझ्या घरात बसता यायला नको? भीक मागत नाही मी. पाय घ्यायचा तर बसणारा घेईन, नाहीतर हा तुमचा खांब तुम्हाला लखलाभ.

आणि ऐक, मी गप्प बसलेलो नाही. (बसलेलो नाही म्हणजे काय ते तुला कळतंच.) मोठागावचा काळूराम होड्या बांधतो. त्याच्याकडे पाय घेऊन गेलो. त्याने तो उलटासुलटा केला, मांडीच्या खोबणीत बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, "याला सुकान नाय. सुकान नाय तं वलल कसा?" होडीचं सुकाणू ज्या खिळीवर फिरतं, तशी खीळ गुडघ्याच्या वर बसवायची. कळ दाबली की खालचा पाय आडवा फिरला पाहिजे, सोडली की सरळ घट्ट. तो म्हणतो जमेल. मी म्हणतो वैशाखापर्यंत जमव.

तुझा फॉर्म परत पाठवतो. सात प्रश्न भरले आहेत. आठवा परत लिहिला आहे, या खेपेला शाईने.

ठाण्याहून डोंबिवलीला यायला तुला अर्धा-पाऊण तास लागतो. तीन महिन्यांत तुला एक रविवार मिळाला नाही. खरं सांग, साहेब झालास का रे?

राघो

०

कोपर
९ मार्च १९५२

गुणाजी,

समितीचा कागद मिळाला. 'अर्जदार पाय वापरत नाही. स्वभाव असहकाराचा. सबब नाव यादीतून कमी करण्यात येत आहे. फेरविचारासाठी १४ एप्रिल रोजी ठाणे कचेरीत समक्ष हजर राहावे.' खाली सही मेजरसाहेबांची.

मजकूर मात्र तुझ्या हातचा. ती डावीकडे कललेली अक्षरं मी हजारात ओळखीन. आई म्हणाली होती, एकही पडलेलं नाही. मी तिला हा कागद वाचून दाखवला नाही.

'स्वभाव असहकाराचा' हे तुला लिहवलं कसं रे? वॉर्डात तुझ्या तोंडात घास घालणारा मी होतो. तू डाव्या हाताने पहिलं 'अ' काढलंस ती पाटी मी धरली होती.

आता जेवायला ये म्हणणार नाही. तू तुझ्या खुर्चीत बस.

राघो केणे

०

ठाणे
२० मार्च १९५२

राघो,

ते मीच लिहिलं. साहेबांनी सांगितलं आणि मी लिहिलं. 'असहकाराचा' या शब्दाशी पेन थांबलं होतं, पण थांबलं तेवढंच. मी उठून म्हणायला हवं होतं की साहेब, हा माणूस मला माहीत आहे. नोकरी जाईल म्हणून गप्प राहिलो. एका हाताच्या माणसाला दुसरी कोण देतो? हे कारण आहे, माफी नाही.

तू विचारलंस, साहेब झालास का. साहेब झालो असतो तर बरं झालं असतं. आता खरं सांगतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

वॉर्डातून गावी गेलो, तेव्हा धाकट्या भावाचं, पोपटचं, लग्न होतं. पंगतीत बसलो. पत्रावळ वाढली. मी डावा हात भातात घातला. दुसरा हात नाही मला, राघो, कुठला घालणार? डावीकडे बसलेल्याने आपली पत्रावळ उचलली आणि सरकला. मग उजवीकडचाही. तो हात कशासाठी वापरतात ते सगळ्यांनाच माहीत. वाढपी माझ्यावरून पुढे गेला. पोपट जवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, तू मागनं आत जेव. निवांत." मी उठलो. उष्ट्या हाताने, सगळ्या पंगतीदेखत. त्याला वाईट वाटत होतं, ते मला दिसलं. म्हणून तर जास्तच लागलं.

तेव्हापासून मी माणसांत जेवलेलो नाही. ठाण्याच्या खोलीत दार लावून जेवतो. कचेरीत डबा नेत नाही, सांगतो की सोमवार आहे, गुरुवार आहे. हेडक्लार्क मला मोठा देवभोळा समजतो. तू दर पत्रात जेवायला ये म्हणतोस आणि मी काम, सर्दी, ढीग असलं काहीबाही लिहितो. आवडाबाईंनी माझ्यासाठी घेतलेली कोळंबी मला दिसते. त्या माझं पान मांडतील आणि मग माझ्या हाताकडे बघतील, याची भीती वाटते.

माझंही कार्ड आहे कचेरीत. हात गेलेल्यांच्या फॉर्मात एक प्रश्न आहे, 'स्वतःच्या हाताने जेवता येते का?' मी 'होय' लिहिलं. कुणाबरोबर, हे फॉर्मात नव्हतं. तुझा आठवा प्रश्न वाचला तेव्हाच मला कळलं होतं की तू बरोबर आहेस. म्हणूनच कदाचित मी तुला पाय काढून बस म्हणालो. मी दार लावून जेवतो, तूही वाकावंस असं मला वाटलं असेल. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो.

१४ एप्रिलला मी ठाण्यात नसेन. मला आठवडाभर नाशिकला धाडत आहेत, तिकडची कार्डं आणायला. पण जाण्याआधी तुझ्या फाइलीत माझ्या सहीने एक टिपण लावून जातो. त्याचं काय व्हायचं ते होवो. तू ये. काळूरामचा पाय लावून ये.

गुणाजी

०

कोपर
१७ एप्रिल १९५२

गुणाजीस राघोचा रामराम.

तुझं पत्र मी महिनाभर खिशात घेऊन फिरलो. उत्तर दिलं नाही, कारण आधी काम करायचं होतं. आता ते झालं, तेव्हा ऐक.

कचेरीत टेबलापलीकडे तुझे मेजरसाहेब आणि एक डॉक्टर. अलीकडे एक खुर्ची. साहेब म्हणाले, "बसा." मी म्हटलं, "बसतो." खुर्ची बाजूला सारली, कळ दाबली, पाय आडवा फिरवला आणि फरशीवर मांडी घालून बसलो. खीळ अशी खटकन वाजली की बाहेरचा शिपाई आत डोकावला. साहेबांना टेबलावरून मी दिसेना. ते उभे राहिले आणि वाकून बघू लागले. म्हणाले, "हे काय?" मी म्हटलं, "आठवा प्रश्न."

डॉक्टर मात्र गडी निघाला. टेबलाला वळसा घालून आला नि पँटसकट माझ्यासमोर फरशीवर बसला. खीळ वर-खाली करून पाहिली. "पितळेची का?" मी म्हटलं, "खाडीकाठी लोखंड टिकत नाही, काळूरामला विचारा." दोन महिन्यांत दोनदा ती खीळ निसटून मी आपटलोय, तेही सांगितलं. लपवलं नाही. डॉक्टरने खिशातून कागद काढून नकाशा काढायला घेतला.

साहेब म्हणाले, "पण हा नमुना मंजूर नाही." मी म्हटलं, "मी मंजुरी मागायला आलेलो नाही. दाखवायला आलोय. आता साहेब, तुम्ही बसून दाखवा." साहेबांनी जरा आपल्या गुडघ्याकडे पाहिलं, म्हणाले, "मला आता खाली बसलं की उठता येत नाही." मी म्हटलं, "मग सात प्रश्नांत तुम्ही पास, आठव्यात नापास. तुमचं नाव कमी करू का?"

वाटलं, आता हाकलतात. पण डॉक्टर खालून हसला. मग त्याने फाइल मागितली आणि तुझं टिपण मोठ्याने वाचलं. 'अर्जदार पाय वापरत नाही हे खरे आहे. त्याचे कारण आम्ही विचारले नव्हते. कारण असे, की या पायाने त्याच्या घरात राहता येत नाही. स्वभाव असहकाराचा हे शब्द माझ्या हातचे असून ते चुकीचे आहेत. गु. शेलार.' साहेब म्हणाले, "शेलारने माझ्या सहीच्या कागदावर हे लिहिलं?" आणि फाइल मिटली. माझं नाव 'विचाराधीन' आहे. विचार करू देत. मी कोपरात आहे, सापडेन.

आता तुझं. तुझ्या भावाच्या पंगतीबद्दल वाचलं तेव्हा मला इतका राग आला, की घरात मोडण्यासारखं काही सापडेना म्हणून परसात जाऊन लाकडं फोडली. गाढवा, मला तीन वर्षं सांगितलं नाहीस! माझ्या हातचा घास चालत होता, आणि हे सांगायला तोंड नव्हतं?

११ मे, रविवार, तुळसाचं लग्न. दुपारी कन्यादान, मग पंगत. तुझं पान माझ्या उजव्या हाताला. म्हणजे जेवताना तुझं डावं कोपर आणि माझं उजवं आपटणार. आपटू देत. तुझं एकच उरलंय, ते कोपरात येऊन तरी लागू दे कुणाला. शेजारचा कुणी पान उचलून सरकला, तर त्याचं मी बघतो. मला आता बसल्या जागेवरून झटकन उठता येतं.

आला नाहीस तर मी ठाण्याला येईन, तुझ्या खोलीच्या दारात मांडी घालून बसेन, आणि तू दार उघडेपर्यंत उठणार नाही. मला आता ते येतं.

राघो

०

चरई, ठाणे
१९ मे १९५२

प्रिय राघो,

लग्नघरातली धावपळ आता उरकली असेल, म्हणून लिहितो. तुला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. त्या तुझ्या मागे घडल्या, तुला दिसल्या नाहीत.

भटजींनी हाक मारली तेव्हा नाथाकाका सोवळं नेसून तयार उभे होते. तू पडलास की पुढे व्हायचं म्हणून. तू रखमावहिनींबरोबर पाटाशी गेलास, कळ दाबलीस. खटकन आवाज झाला आणि तू बसलास. बहिणीचा हात हातात घेतलास. मागे नाथाकाका तसेच उभे. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून डोळ्यांना लावलं आणि लगेच घाम पुसल्यासारखं केलं. आवडाबाई त्यांना म्हणाल्या, "बसा आता भावजी. त्यो बसला." ते बसले.

दुसरी गोष्ट पंगतीतली. तू तेव्हा पलीकडच्या पाहुण्यांशी बोलत होतास. माझ्या उजव्या हाताला मानपाड्याचे एक वयस्कर गृहस्थ होते. मी हात अजून मांडीवरच ठेवला होता. आवडाबाई भाताचं पातेलं घेऊन आल्या. माझ्या पानापुढे थांबल्या, माझ्या मांडीवरच्या हाताकडे त्यांनी बघितलं. मला ज्याची भीती होती तेच. मी उठायच्या बेतात होतो. त्यांनी पळी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली आणि डाव्या हाताने मला भात वाढला. म्हणाल्या, "तू डाव्यान जेवतंस, तं मी डाव्यान वारतंय. जेव पोरा." मग त्या तशाच पुढे गेल्या आणि पंगतीच्या टोकापर्यंत प्रत्येकाला डाव्या हाताने वाढत गेल्या. मानपाड्याच्या त्या गृहस्थांनाही. त्यांनी एकदा पळीकडे, एकदा आवडाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि मुकाट्याने भात कालवला. मुलीकडच्या यजमानीणबाईला कोण काय बोलणार?

तेवढ्यात तू वळलास आणि तुझं कोपर माझ्या कोपरावर आपटलं. तू म्हणालास, "लागलं का?" मी 'नाही' म्हटलं. खोटं बोललो. चांगलंच लागलं, अजून हिरवं-निळं आहे. ते कमी होऊ नये असं वाटतं.

कचेरीचं असं, की साहेबांनी मला अजून काढलेलं नाही. त्या टिपणाबद्दल अवाक्षर काढलेलं नाही. मात्र डॉक्टरांनी काढलेला खिळीचा नकाशा पुण्याला गेला आहे. नवे फॉर्म छापून यायला वर्ष लागेल, आणि आठवा प्रश्न त्यात असेल की नाही हे दिल्लीला ठाऊक. मी वाट बघायची नाही असं ठरवलं आहे. माझ्या कपाटात तीनशे कोरे फॉर्म आहेत. रोज कचेरी सुटल्यावर त्यांवर हाताने लिहितो. पाय गेलेल्यांच्या फॉर्मावर, 'जमिनीवर बसता येते का?' हात गेलेल्यांच्या फॉर्मावर, 'पंगतीत कुणाशेजारी बसून जेवता?' छापील फॉर्मात मजकूर घालायचा नसतो, हे मला ठाऊक आहे. साहेबांनी विचारलं तर अक्षर त्यांना ओळखता येईल. मी ते सरळ काढायचा प्रयत्नही करत नाही.

पहिला फॉर्म मी माझा स्वतःचा काढला. नव्या प्रश्नापुढे उत्तर लिहिलं: राघो केणे, मु. कोपर.

या रविवारी येतो. कोळंबी घेऊन ठेवा.

तुझा
गुणाजी